जपानी स्त्रीचे समाजातील स्थान: वाट सतत चढणीचीच होती का?

रावपुरा_वाचक (वडोदरा):
पुढील महिन्यात दांडिया बाजारातील आमच्या महिला मंडळात मला जपानी स्त्रियांविषयी अर्धा तास बोलायचे आहे. भाच्याने जपानहून पाच हजार येनची नवी नोट आणली आहे. तिच्यावर त्सुदा उमेको या शिक्षणतज्ज्ञ बाईंचे चित्र आहे. १८७१ साली, अवघ्या सहा वर्षांच्या असताना, सरकारने त्यांना शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवले. परतल्या तेव्हा त्या मातृभाषाही विसरल्या होत्या आणि पुढे १९०० साली त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. पूर्वी सगळी बंधनेच होती, मग नवे शिक्षण आले आणि स्त्री मोकळी होत गेली, अशी मांडणी मी योजली होती. परंतु वाचन वाढले तशी ती मलाच पटेनाशी झाली. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी_पाने:
ताई, आपली शंका रास्त आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी दरबारातील मुरासाकी शिकिबू यांनी ‘गेंजी मोनोगातारी’ ही दीर्घ कादंबरी लिहिली, तेव्हा पुरुषांची प्रतिष्ठेची भाषा चिनी होती आणि जपानी बोलीला अक्षररूप देणारी काना लिपी प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती होती. पुढे कामाकुरा काळात (बारावे ते चौदावे शतक) सामुराई म्हणजे लढवय्या घराण्यांतील मुलींना जमिनीचा वाटा मिळे आणि १२३२ च्या संहितेने निपुत्रिक स्त्रीला दत्तक घेऊन त्याला जमीन देण्याचीही मुभा दिली होती. वाटण्या होऊन जमिनी तुटपुंज्या होऊ लागल्या, तशी सारी मालमत्ता एकाच मुलाकडे जाऊ लागली आणि मुलींचा हक्क आटला.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. रेल्वे आणि कारखाने उभारणाऱ्या आधुनिक जपाननेच १८९८ च्या नागरी कायद्याने सामुराईंची कुटुंबपद्धती, म्हणजे घरातील सारी सत्ता कुटुंबप्रमुखाच्या हाती देणारी रीत, साऱ्या देशावर लादली. पत्नीला कर्ज काढायचे किंवा कोर्टात दावा लावायचा, तरी पतीची संमती आवश्यक ठरली. ज्या मुली गिरण्यांत रेशीम काढून देशाला परकीय चलन मिळवून देत होत्या, त्यांना राजकीय सभेत बसण्याचीही १९२२ पर्यंत बंदी होती. मताधिकार युद्धानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये मिळाला आणि एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या.

कर्वे_वाचक:
महर्षी कर्वे यांचा उल्लेख अवश्य करावा. तोक्योतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली आणि तिच्यातूनच प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले. मात्र त्या काळच्या जपानी स्त्रीशिक्षणाचे घोषवाक्य ‘चांगली पत्नी, शहाणी माता’ असे होते, हेही सांगावे, कारण दार उघडताना चौकटही आखली गेली होती. आपल्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि त्यात मुलीही होत्या, हे श्रोत्यांना जवळचे वाटेल.

सूनबाई_७४:
मी आडनावाविषयी लिहिते. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले, आणि पुढे बँकेच्या कागदांवर माझी सही जुळेना तेव्हा जुने नाव गेल्याचे मला खऱ्या अर्थाने कळले. जपानमध्ये पहिले नाव कायम राहते; मात्र पतिपत्नीचे आडनाव एकच असावे, अशी कायद्याची सक्ती आहे. कोणाचे घ्यावे हे जोडप्याने ठरवायचे असले, तरी शंभरात सुमारे ९५ जोडपी पतीचेच घेतात. सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये वैध ठरवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पंतप्रधान झालेल्या पहिल्या स्त्री, ताकाइची सानाए, यांचाही वेगळ्या आडनावांना विरोधच राहिला आहे. सर्वोच्च पदी स्त्री बसली म्हणजे बाकीच्या जणींचा प्रश्न सुटला, असे मंडळात कोणी म्हणाल्यास हे उदाहरण द्यावे.

रावपुरा_वाचक:
सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. नोट प्रथम सर्वांच्या हाती फिरवीन आणि मग थेट १८९८ च्या कायद्यापासून सुरुवात करीन. सूनबाई, आपला सहीचा प्रसंग सांगण्यास आपली परवानगी आहे का?