एकच ठेका, पण झोप नाही

बँड सुचवायच्या या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय की सत्तरच्या दशकातले जर्मन बँड म्हणजे दहा मिनिटं एकच ठेका, झोप येते. माझं नेमकं उलटं. आमच्या वावरातली लाइन येते रात्रीच; हरभऱ्याला ओलित म्हणजे दोन वाजता धुऱ्यावर, कानटोपी घालून. तेव्हा मी त्यातलाच एक जर्मन बँड, ‘नॉय!’ लावतो. क्लाउस डिंगरचा ड्रम विहिरीवरच्या मोटरसारखा सरळ चालतो, ना चढ ना उतार, आणि मिखाएल रोथरची गिटार त्याच्यावरून हळूच सरकत जाते. परवा ऐकता ऐकता स्प्रिंकलरचे पाइप बदलायचेच राहिले. बाबांचं बोलणं खाल्लं, जाऊ द्या.

त्यांचा 1973 चा दुसरा अल्बमही ऐका. मधेच पैसे संपले, तर पठ्ठ्यांनी आपलीच आधीची सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी तबकडी) कमीजास्त वेगात वाजवून अल्बमची दुसरी बाजू भरून काढली! निम्मी बाजू कंटाळवाणी आहे, खोटं कशाला बोलू.

आणि लंडनचा बँड ‘धिस हीट’ कोणीच कसा सुचवला नाही? ब्रिक्स्टनमधल्या मटणाच्या जुन्या शीतगृहात त्यांचा स्टुडिओ होता. त्यांचा 1981 चा अल्बम ‘डिसीट’ लावा. फक्त रात्री एकट्याने वावरात नको, मी एकदा टॉर्च घेऊन उठलो होतो.