राजहंसगड, पारगडला गोष्टी सांगत फिरवणारं कोण आहे काय?

टिळकवाडीकर: नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर आम्ही दहा-बारा जण गड बघायला जायलोय. नववीतल्या भाचीनं दख्खनचं पठार लाव्ह्याचं आहे असं वाचलंय आणि तेव्हापासून मामा ज्वालामुखीचं तोंड कुठं आहे म्हणून पाठ सोडेना. गेल्या वर्षी एकाबरोबर गेलो होतो, त्यानं एका दिवसात तीन गड पळवले, बुरजावर फोटो काढले, झालं. मला खरंच वाईट वाटलं. इतिहास आणि दगड दोन्ही सांगणारं कोण असलं तर सांगा की.

चंदगडकडचा: दादा, भाचीला सांगा तोंड शोधू नको. इथं शंकूसारखा डोंगर नव्हताच, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांमागं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातनं लाव्हा पसरत गेला आणि एकावर एक थर साचले. डेक्कन ट्रॅप म्हणतात त्यातला ट्रॅप म्हणजे पायरी, सह्याद्रीत चढताना चढ मग सपाटी मग परत चढ लागतो तो त्याच्यामुळंच. दोन थरांच्या मधे कुठं कुठं तांबड्या मातीचा पट्टा दिसतोय, ती वरच्या लाव्ह्यानं भाजलेली जुनी जमीन. तिथं पोरांना जरा बसवा, घाई करू नका.

खानापूरची ताई: वरचा जांभा पण मूळचा तोच लाव्ह्याचा काळा दगड हं. लाखो वर्षं पावसानं बाकीचं धुऊन गेलं, लोखंड आणि अॅल्युमिनियम मागं राहिलं, म्हणून तांबडा. खाणीतनं काढताना मऊ असतोय, वाऱ्यावर घट्ट होतोय, आमच्या आजोळच्या भिंती त्याच्याच आहेत. सुरुवात बेळगावच्या किल्ल्यातनं करा, 1204 ची कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, आधी बघा, रट्टांचा, म्हणजे इथल्या जुन्या राजघराण्याचा काळ कळतो. नाहीतर पोरांना वाटतं इतिहास शिवकाळापासनंच सुरू झाला. भीमगडला जाणार असाल तर ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी आधी काढा.

गडकरी_पोरगा: पारगडाला एक आख्खा दिवस द्या. तानाजींचा मुलगा रायबा तिथला किल्लेदार होता आणि गडावर अजून वस्ती आहे. बाहेरचा गाईड कशाला, गावातल्याच जाणत्या माणसाला आधी विचारा आणि दिवसभराची मजुरी बुडते तेवढे पैसे तरी हातात द्या, नुसत्या चहावर भागवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

टिळकवाडीकर: पटलं. मग पहिल्या दिवशी किल्ला आणि राजहंसगड, दुसऱ्या दिवशी फक्त पारगड. भाचीला भिंग घेऊन देतो. पारगडावर बारा जणांचं जेवण कोण करून देईल काय, आधी किती दिवस सांगायला लागतंय?