रिळं भंगारात देऊ नका

घरगुती शूटिंगच्या जुन्या फिल्मची डिजिटल कॉपी झाली की रिळं भंगारात द्या, असं एकांनी सुचवलंय. मला नाही पटत. कोडॅकने १९६५ मध्ये आणलेल्या सुपर ८ या घरगुती कॅमेऱ्याच्या फिल्मचं पन्नास फुटी रीळ जेमतेम सव्वातीन मिनिटं चालायचं, म्हणून माणसं हात राखून शूटिंग करायची. आमच्या काकांच्या रिळात बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आहे. मागे दुकानांच्या मराठी पाट्या, कट्ट्यावर इरकल नेसलेल्या बायका. आवाज नाही, पण काकू एकेकीचं नाव सांगते (आणि उणीदुणीही!). हार्ड डिस्कचा काय भरवसा? मात्र आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात डबे उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस आला तर फिल्म कुजतेय. ते रीळ वेगळं ठेवा, आधी तेच स्कॅन करून घ्या. जुन्या प्रोजेक्टरवर लावू नका, आकसलेल्या फिल्मची भोकं फाटतात.