तीन महिन्यांत 'हुर्यो' ते 'हार्दिक हार्दिक': तुमचेही अनुभव येऊ द्या

सुरुवात माझ्यापासून करतो, नाहीतर कोणीतरी येऊन आधी स्वतःचं बघ म्हणणार.

१ एप्रिल २०२४, वानखेडे, आयपीएल, मुंबई विरुद्ध राजस्थान. पाच ट्रॉफ्या जिंकून देणाऱ्या रोहितला बाजूला करून हार्दिकला गुजरातहून आणून थेट कॅप्टन केलेलं, त्यामुळे पब्लिक आधीच पेटलेलं. टॉसला तो आला आणि जो काही हुर्यो उडाला विचारू नका, कॉमेंटेटर मांजरेकर माइकवर 'बिहेव' म्हणाले तरी कोण ऐकतंय. मीपण त्यात होतो, घसा बसेपर्यंत. आता हार्दिकनं माझं काय बिघडवलं होतं? काहीच नाही. बाजूचा ओरडत होता म्हणून मी ओरडत होतो, आणि बाजूच्याला विचारलं असतं तर त्यानंही बहुतेक माझ्याकडेच बोट दाखवलं असतं. वर गंमत अशी की ज्याच्या नावानं आम्ही बोंबलत होतो तो रोहित पहिल्याच बॉलला गेला आणि टीमच्या १२५ मध्ये सगळ्यात जास्त, ३४ रन, ज्याला शिव्या घालत होतो त्याचेच.

मग २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-२० वर्ल्ड कपची फायनल, शेवटच्या ओव्हरला साउथ आफ्रिकेला १६ हव्या, बॉल हार्दिकच्या हातात, पहिल्याच बॉलला सूर्यानं बाउंड्रीवर मिलरचा तो कॅच घेतला आणि कप आपला. ४ जुलैला मी ऑफिसातून दांडी मारून मरीन ड्राइव्हला, पावसात, पाच तास एका पायावर. बस दिसल्यावर 'हार्दिक हार्दिक' सुरू झालं आणि दोन सेकंदांनी लक्षात आलं की त्यात माझाही आवाज आहे. रेटारेटीत डाव्या पायातला फ्लोटर गेला. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेल्या चपलांच्या ढिगाचे फोटो सगळीकडे फिरत होते, त्यात कुठेतरी माझीपण असणार. घरी आल्यावर बायको एकच वाक्य बोलली, 'एप्रिलमध्ये काय म्हणत होतास याला?' मी जेवायला वाढ म्हणालो.

तर मंडळी, खेळ असो, नाटक, मालिका, नाहीतर गल्लीतली टूर्नामेंट, पब्लिक असं फिरताना ज्यांनी पाहिलंय किंवा ज्यांच्या अंगावर आलंय त्यांनी लिहा. ज्यांनी शिव्या घातल्यात त्यांनीपण लिहा, लाजू नका.

*

हे आजचं नाही हो. मी बारा वर्षांचा होतो, १९७१. कॅप्टन अजित वाडेकरांची टीम ओव्हलला जिंकली, इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच सीरिज जिंकलेली. टीम मुंबईत आली तेव्हा विमानतळापासून मिरवणूक, वडिलांनी मला खांद्यावर घेतलेलं, मला दिसली फक्त डोकी आणि झेंडूच्या पाकळ्या, पण मी चाळीत सगळ्यांना सांगत सुटलो की वाडेकरांनी माझ्याकडे बघून हात केला. इंदूरला तर त्या विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली. तीन वर्षांत त्याच वाडेकरांची टीम इंग्लंडला ३-० हरली, लॉर्ड्सला ४२ ऑलआउट. लगेच घरावर दगड, इंदूरच्या त्या बॅटला काळं. पुढे वेस्ट झोनच्या टीममधूनही वगळलं आणि माणूस रिटायरच झाला. आमच्या चाळीतले एक गृहस्थ, ज्यांनी ७१ ला स्वतःच्या पैशानं पेढे वाटले होते, तेच ७४ ला जिन्यात उभे राहून 'मी तेव्हाच म्हणालो होतो' करत होते. काय म्हणाले होते ते कोणालाच आठवेना. माझ्या वडिलांनी विचारलं तर त्यांच्याशी महिनाभर बोलणं बंद.

*

मला ते २००६ आठवतंय, वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध टेस्ट होती, सचिन १ वर आउट होऊन परत येताना आपल्याच लोकांनी बू केलं. वानखेडेवर! सचिनला! २०१३ ला शेवटच्या टेस्टला तो ७४ वर गेला तेव्हा त्याच स्टँडमध्ये लोक ढसाढसा रडत होते, मीपण. आता कोणालाही विचारा, २००६ ला तिथे होतास का, एक माणूस हो म्हणणार नाही.

*

एक वेगळं मत मांडतो, राग नसावा. तिकीट मी विकत घेतो, स्टेडियमपर्यंत लोकलला लोंबकळत मी जातो, आत पाण्याची बाटलीपण नेऊ देत नाहीत. मग मी ओरडणारच. करोडो घेणाऱ्या माणसाला माझ्या बोंबलण्यानं काय फरक पडतो? घरावर दगड, बायकापोरांना शिव्या हे चूकच, त्याबद्दल वाद नाही. पण हुर्योसुद्धा उडवायचा नाही तर मग टीव्ही काय वाईट आहे?

*

वरच्यांना: फरक पडतो दादा. मी नऊ वर्षं मालिकांचे संवाद लिहिते, आमच्याकडे करोडो सोडा, चेक तीन महिन्यांनी येतो.

दर गुरुवारी टीआरपी येतो आणि गुरुवारी दुपारी ठरतं की सोमवारी हिरॉइन रडणार की बोलणार. मध्यंतरी प्रोमोखाली रोज तेच, 'किती सोशिक दाखवताय, बाई उलटून बोलत का नाही, काळ कुठे चाललाय'. म्हटलं चला, ऐकूया प्रेक्षकांचं. मी जीव लावून एक सीन लिहिला, तिनं सासूला शांतपणे चार वाक्यं सुनावली, आवाजसुद्धा चढवला नाही. प्रतिक्रिया काय, तर 'फारच उद्धट झाली ही, हेच का आपले संस्कार'. पुढच्या गुरुवारी आकडा खाली. सोमवारी पुन्हा देवघरात निरांजन आणि हुंदके, आकडा वर. वर्षभर 'बंद करा हे दळण' म्हणणाऱ्यांनीच शेवटच्या एपिसोडला लिहिलं की साडेसातला आता काय बघायचं, आमच्या घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतंय.

आमच्या सासूचं काम करणाऱ्या ताई म्हणजे सेटवर सगळ्यांना घरचे लाडू आणून खायला घालणारी बाई. एका साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला गेल्या तर एका आजींनी दंडाला असा चिमटा काढला, 'सुनेला का गं छळतेस?' म्हणून, आणि मग लगेच, 'बरं, नातवाला कुठे काम मिळेल का बघ, दिसायला गोरा आहे.' सेल्फीपण घेतला. असं काही झालं की जुनी माणसं निळू फुल्यांचं सांगतात, बायका त्यांना बघून बोटं मोडायच्या, नटाला हीच पावती वगैरे. खरं आहे. पण ताईंच्या दंडावरची पावती काळीनिळी होती, चार दिवस मेकअपनं झाकत होतो.

*

आमी आष्टी तालुक्यातले. अविनाश साबळे आमच्या मांडव्याचा. २०२४ ला पॅरिसमधी स्टीपलचेसच्या फायनलला गेला, त्या शर्यतीत ऑलिंपिकच्या फायनलला गेलेला पहिला भारतीय गडी, आन् अकरावा आला. सकाळी चहाच्या हाटेलात एक जण पेपर आपटून म्हनतो, 'अकरावाच आला व्हय, सरकारचा पैसा वाया.' मी त्याला इचारलं, भाऊ, तू भरतीला किती येळा पळला? तीन येळा. सोळाशे मीटर. तिन्ही येळा ग्राउंडलाच मार्क गेले. मी बी दोनदा पळलोय, शेवटच्या राउंडला तोंडात रगताची चव येती. ह्यो गडी तीन हजार पळतो, मधी अठ्ठावीस अडथळे आन् सात येळा पान्यात उडी, आन् २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला ८ मिनिटं ११ सेकंदात पळून सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागानं सोनं हुकलं. तवा ह्याच हाटेलात ह्याच गड्यानं फटाके आनले होते. उधारीवर. दुकानदार आजून मागतोय.

*

मी सांगलीजवळची. लेक बारा वर्षांची, ओपनिंग करते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड कपला भारताच्या मुली ओळीनं तीन मॅच हरल्या, इंग्लंडची तर हातातली, ४ रननी. स्मृती ८८ करून आउट झाली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच 'यांनी किचन सांभाळावं' टाइपचे जोक सुरू. टाकणारे माझे सख्खे दीर. लेकीनं ते माझ्या फोनवर वाचलं, काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी नेट्सला जायचं नाही म्हणाली. पोट दुखतंय म्हणे.

मग सेमीला जेमिमानं १२७ नाबाद करून ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार केले आणि २ नोव्हेंबरला डी. वाय. पाटीलवर कप आला. रात्री बाराला भाऊजींचा फोन, 'वहिनी, आपली पोरगी पुढची स्मृती बरं का, मी आधीपासून म्हणतोय.' आता तर भलताच ताप झालाय. पूर्वी 'उन्हात काळी पडेल' म्हणणाऱ्या बायका आता तिला भेटल्या भेटल्या विचारतात, 'किती केलेस? शंभर का नाही?' अहो, तिच्या वयोगटात वीस ओव्हरची मॅच असते, टीमचे शंभर झाले तरी खूप. परवा २३ केले आणि घरी येऊन रडली. कशाला रडतेस म्हटलं तर म्हणाली, काका विचारतील.

*

मी देवगडकडचा, टेनिस बॉल खेळतो. आमच्याकडे जानेवारी ते मे दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे टूर्नामेंट, मुंबईवाले पोरगे खास गाडी करून येतात, माइकवर कॉमेंट्री, बक्षिसाला चषक आणि कधी कधी बोकड. गेल्या वर्षी सेमीफायनलला सकाळी मी शेवटच्या ओव्हरला १४ मारले. खांद्यावर घेतला मला, कॉमेंट्रीवाला म्हणतो 'गावचा वाघ', एका आजोबांनी शंभराची नोट खिशात कोंबली. दुपारी फायनल. शेवटचा बॉल, त्यांना २ हव्यात, कॅच सरळ माझ्याकडे. सूर्य डोळ्यावर होता हे मी आजपर्यंत सगळ्यांना सांगितलंय, पण इथे खरं सांगतो, सूर्य मागे होता. सुटला. दोन झाले. बोकड गेला.

माइकवरचा तोच माणूस, 'वाघाच्या हाताक लोणी लावल्यानी कोणी?' अख्खं मैदान हसलं. शिव्या परवडल्या असत्या. सामान भरून बघतो तर आमचा टेम्पो निघून गेलेला, मला न घेता. किट खांद्यावर टाकून साडेतीन किलोमीटर चालत आलो, वाटेत ते शंभरवाले आजोबा भेटले, माझ्याकडे नाही, खिशाकडे बघत होते. दोन महिने बाजारात तोंड दाखवायची सोय नव्हती, मासेवालीसुद्धा म्हणाली, 'पिशवी नीट धर हां.'

परवा कॅप्टनचा फोन, 'यंदा तुझ्याशिवाय टीम होवची नाय.' मी तोंडात आलेलं सगळं गिळलं, एन्ट्रीचे पाचशे पाठवले, आणि विचारलं की टेम्पोत जागा आत्ताच सांगून ठेवता येईल का.