नवीन घर, चार उंदीर आणि गॅलरीभर कुंड्या – आधी काय लावू?

कुंडीवाली

मंडळी, जरा मदत हवीये. मे एंडला आम्ही कोथरूडचं भाड्याचं घर सोडून वाकडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये जातोय. रीसेलचा आहे, अकरावा मजला, हॉलला पश्चिमेची गॅलरी. गॅस, इंटरनेट, टेम्पो वगैरे नवरा बघतोय, माझ्याकडे झाडं आणि उंदीर.

हो, उंदीर. पाळलेले. चार माद्या आहेत, दोन वर्षाच्या आतल्या, तीन मजली पिंजऱ्यात राहतात आणि संध्याकाळी तास-दीड तास बाहेर असतात. (कृपया "उंदीर कोण पाळतं" हा विषय नको, तो सासरी-माहेरी दोन्हीकडे चर्चून झालाय.)

आत्ता पिंजरा बेडरूममध्ये आणि झाडं हॉल-गॅलरीत, त्यामुळे प्रश्नच आला नाही कधी. नव्या घरात एसी फक्त हॉलला आहे, म्हणजे पिंजरा हॉलमध्येच आणि झाडांचा स्टँडही तिथेच. मनीप्लांट, सिंगोनियम, डिफेनबेकिया, पीस लिली, स्नेक प्लांट, अरेका, स्पायडर प्लांट, फर्न, एक फायकस. गॅलरीत तुळस, जास्वंद, अडेनियम, गुलाबी कण्हेर. यातलं काय त्यांच्या तोंडाला लागलं तर चालतं आणि काय नाही?

दुसरं म्हणजे घराला नुकताच रंग दिलाय आणि फर्निचरचं पॉलिश अजून चालू आहे. आणि तिसरं, वास्तुशांत घरीच करायची आहे, गुरुजी होम करणार. उंदरांना धुराचा त्रास होतो हे माहितीये पण किती ते कळत नाहीये. सासूबाईंना सांगताना काहीतरी ठोस सांगायला हवं ना.

रात्रपाळी

ठोस सांगतो मग. पाळलेल्या उंदरांचा सगळ्यात कच्चा अवयव म्हणजे फुप्फुसं. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू बहुतेक सगळ्या पाळीव उंदरांमध्ये जन्मापासूनच असतो, एरवी गप्प बसतो आणि धूर, धूळ, अमोनिया, तणाव यातलं काही झालं की डोकं वर काढतो. म्हणजे बाहेरून रोग येत नाही, आतलाच उठतो. होमाच्या दिवशी त्यांना त्या घरात ठेवूच नका, दुसऱ्या खोलीत दार लावून वगैरे पण नको, अकराव्या मजल्यावर वारा असला तरी शांत झाल्यावर धूर दोन दिवस पडद्यात बसतो. कोथरूडच्या घराची चावी महिनाअखेरपर्यंत तुमच्याकडेच असेल ना? मग आधी वास्तुशांत उरका, घर उघडं ठेवा आणि उंदीर सगळ्यात शेवटी हलवा. सासूबाईंची वास्तुशांत पण नीट होईल आणि पाहुण्यांना पिंजरा दिसणार पण नाही.

पॉलिशचं तेच. आपल्या नाकाला वास यायचा बंद झाला म्हणजे संपलं असं नसतं, पॉलिश झाल्यावर निदान दोनेक आठवडे खिडक्या उघड्या हव्यात, आणि कपाटांची दारं, ड्रॉवर पण उघडे ठेवा, तिथे आत वास कोंडून राहतो.

हलवताना एक गोष्ट बहुतेक लोक उलटी करतात. नवीन घर म्हणून पिंजरा चकचकीत धुतात, झोळ्या-बिळ्या सगळ्या नवीन लावतात. नका करू. उंदीर वासावर जगतो, दिसण्यावर नाही. पिंजरा पुसून घ्या पण एक झोळी आणि थोडे कपडे न धुता तसेच आत टाका, आतली मांडणी पण होती तशीच ठेवा, मग चार भिंती बदलल्या तरी त्यांच्या हिशोबाने घर तेच राहतं. टेम्पोत पाठवू नका, तुमच्या गाडीत छोट्या कॅरियरमध्ये चौघी एकत्र, पहाटे. पाण्याची बाटली गाडीत ठिबकते आणि अंथरूण ओलं होतं म्हणून काकडीचे जाड काप टाका, तहान भागते.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, रीसेल फ्लॅट आहे म्हणालात म्हणून. आधीच्या लोकांनी किचन ट्रॉलीखाली, बाथरूमच्या डक्टजवळ, सिंकखाली रॅट केक ठेवलेत का हे बॅटरी घेऊन गुडघ्यावर बसून बघा. ब्रोमॅडिओलोन नावाचं विष असतं त्यात, त्याने रक्त गोठत नाही, आणि घोळ असा की खाल्ल्यावर दोन-तीन दिवस उंदीर अगदी नॉर्मल दिसतो. व्हिटॅमिन के१ वर उपचार होतो पण तुम्हाला कळलं तर. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून पेस्ट कंट्रोल कधी येतं, काय मारतात आणि पॅसेजमध्ये ग्लू पॅड असतात का हे पण विचारून ठेवा. चुकून चिकटली एखादी तर ओढायचं नाही, गोडंतेल चोळून सोडवायचं.

चहाबाज

इथे आमच्या बिल्डिंगमध्ये उंदीर बाहेर काढायला दरडोई वर्गणी काढतात आणि तुम्ही एसीत ठेवताय 😄 गणपतीत आरास करायला मात्र तुमच्याकडेच येणार, वाहन तयारच आहे.

ता.क. : रात्रपाळी यांचा प्रतिसाद वाचून माझ्या घरात मी स्वतः नीट राहतो का असा प्रश्न पडला.

मोगरा

अगं कुंडीवाली, झाडांचं मी सांगते, उंदरातलं मला काही कळत नाही.

पहिलं म्हणजे हलवायच्या आधी दोन दिवस पाणी बंद कर, कुंड्या हलक्या होतात आणि टेम्पोत चिखल होत नाही. कुंडीच्या तोंडावर वर्तमानपत्र दोऱ्याने बांधायचं. नवीन घर म्हणून हौसेने नवीन कुंड्या आणून लगेच रीपॉटिंग करत बसू नकोस हं, जागा बदलली हाच त्यांना एक धक्का असतो, त्यात मुळं छेडली की संपलं. फायकस पानं गाळणार, गाळू देत. लोक घाबरून वर पाणी ओतत राहतात आणि मग मुळं कुजून खरंच मरतो तो. एका जागी ठेव आणि रोज फिरवू नकोस.

तुझी पश्चिमेची गॅलरी आणि वर अकरावा मजला, म्हणजे दुपारी दोननंतर भट्टी आणि शिवाय वारा. पुण्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, गॅलरीची फरशी तर त्याहून तापते. अडेनियम, जास्वंद, बोगनवेल असेल तर ती, एवढीच पुढे ठेव. तुळशीला हिरवी जाळी लाव पहिले काही आठवडे. फर्नला तर गॅलरी दाखवूच नकोस, बाथरूमच्या खिडकीत ठेव, खूश राहील. आणि पाऊस सुरू झाला की कुंडीखालच्या ताटल्या काढून टाक, डेंग्यूचे डास होतात आणि महापालिकेची माणसं नोटीस देतात ती वेगळी.

कण्हेर मात्र मी कुणाला सांगून देऊन टाकेन. माझ्याकडे नातवंडं रांगायला लागली तेव्हा मी सोसायटीच्या कंपाऊंडला नेऊन लावली. पानापासून मुळापर्यंत सगळी विषारी, हृदयावर जाते. अडेनियम तिच्याच कुळातलं, ते पण जपून.

रात्रपाळी

मोगराकाकूंच्या कण्हेरीला दुजोरा. त्यात एक जोडतो, उंदराला उलटी होतच नाही. शरीराची रचनाच तशी आहे. मांजर-कुत्रं नको ते खाल्लं की ओकून मोकळं होतं, यांच्या पोटात गेलं ते गेलं. म्हणून "थोडंसं कुरतडलं तर काय होतंय" हा हिशोब इथे चालत नाही.

तुमच्या यादीतली मनीप्लांट, सिंगोनियम, डिफेनबेकिया, पीस लिली ही सगळी एकाच अळूच्या खानदानातली. आपल्याला कच्चं अळू खाजतं ना, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यांच्यात. तोंड सुजतं, लाळ गळते. बहुतेक उंदीर एक चावा घेऊन सोडतात पण डिफेनबेकियाच्या बाबतीत मी तेवढीही रिस्क घेणार नाही. स्नेक प्लांटमध्ये सॅपोनिन असतं, त्याने पोट बिघडतं. अरेका, स्पायडर, बोस्टन फर्न असेल तर तो, तुळस, गवती चहा, पुदिना, हे बिनधास्त. स्पायडर प्लांटची मात्र टक्कल करून टाकतील, तयारी ठेवा.

स्टँडवर ठेवलंय म्हणजे पोचणार नाहीत हा भ्रम आहे. पडदा चढतात, सोफ्याच्या पाठीवरून उडी मारतात. विषारी सगळी छताला टांगा किंवा बेडरूममध्ये न्या, आणि बेडरूममध्ये पाळलेल्यांना बंदी. हॉलमध्ये फक्त चालणारी झाडं. नर्सरीतून नवीन आणलेलं कुठलंही झाड, चालणारं असलं तरी, दोन-तीन महिने त्यांच्यापासून लांबच, कारण नर्सरीत मुळाशी घालायची औषधं घालतात ती पानात उतरलेली असतात.

लेस्टरकर

मी गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे, इकडे उंदीर पाळणं अगदी कॉमन, नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटी १९७६ पासून आहे आणि कुत्र्यांसारखे त्यांचे शो पण भरतात. भारतात पाळताना खरी अडचण थंडीची नाही, उन्हाची. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी शेपटीतून बाहेर टाकतो. १८ ते २४ डिग्रीत मजेत असतात, ३० च्या वर गेलं की लक्ष ठेवा, लांब पसरून पडलेत आणि शेपूट गरम लागतेय म्हणजे त्रास होतोय. वीज गेली तर? वाकडला मे महिन्यात जाते असं बहीण सांगते. फ्रीझरमध्ये पाण्याची बाटली गोठवून नॅपकिनमध्ये गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायची, चौघी तिला चिकटून झोपतील. पसरट ताटात गार पाणी आणि त्यात मटारचे दाणे, हा खेळ पण करून बघा, एकेक दाणा हाताने काढून खातात. एसीचा झोत थेट पिंजऱ्यावर नको पण.

अजून एक गोष्ट कुणी लिहिली नाही. आधीच्या मालकाने प्लगला लावायचं ते उंदीर पळवणारं अल्ट्रासॉनिक मशीन कुठे ठेवून दिलंय का बघा, फ्रीजमागच्या सॉकेटला वगैरे. आपल्याला आवाज येत नाही, त्यांना येतो. त्यांचं आपापसातलं बोलणंच मुळात आपल्या कानाच्या पलीकडे चालतं, खेळताना साधारण ५० किलोहर्ट्झ आणि घाबरले की २२. याक पँकसेप म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी उंदरांना गुदगुल्या करून ते ५० वालं "हसणं" रेकॉर्ड केलं होतं. रानटी उंदीर त्या मशीनला काही दिवसात सरावतात म्हणा, पण तुमच्या पिंजऱ्यातल्यांना पळून जायची सोय नाही.

कुंडीवाली

बापरे, किती छान सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी. अपडेट देते. वास्तुशांत झाली, उंदीर तेव्हा कोथरूडलाच होते, रोज दोनदा जाऊन खायला घालून आले. सासूबाईंना "धुराने दमा उठतो" एवढंच सांगितलं, त्यांना स्वतःला दमा आहे त्यामुळे एका वाक्यात पटलं. मशीन मिळालं!! फ्रीजमागे नाही, लॉफ्टच्या खालच्या सॉकेटला, दिवा चालू. सिंकखाली दोन रॅट केक मिळाले, हातमोजे घालून पिशवीत बांधून टाकले आणि जागा साबणाने धुतली. कण्हेर मैत्रिणीच्या फार्महाऊसवर गेली.

आता चौघी आल्यात. पहिल्या रात्री झोळीतून बाहेरच आल्या नाहीत, आज बऱ्या आहेत. पण सगळ्यात थोरलीच्या डोळ्याभोवती आणि नाकाला लाल लागलंय, रक्त आहे का? आणि ती मधूनमधून शिंकतेय. दुसरी माझ्या अरेकाच्या कुंडीतली माती उकरून हॉलभर करतेय, तिला कसं थांबवू?

रात्रपाळी

लाल ते बहुतेक पॉरफायरिन, रक्त नाही. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येतं, तणावात जास्त येतं, ओल्या कापसाने पुसा. घर बदलल्यावर पहिला आठवडा थोड्या शिंका पण चालतात, नवीन वास असतात. बघायचं काय ते सांगतो. तिला कानाशी धरून ऐका, श्वासात घरघर किंवा कटकट आवाज आहे का. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात का. खाणं कमी झालं का, केस पिंजारून कुबड काढून बसते का. यातलं एकही असेल तर आठवडा थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, आणि नेहमीचा कुत्र्या-मांजरांचा नाही, एक्झॉटिक म्हणजे उंदीर-ससे असे वेगळे प्राणी बघणारा. आधी फोन करून "उंदीर तपासता का" हे विचारूनच निघा, नाहीतर रिसेप्शनवर हसतात. बाकी काहीच नसताना नुसत्या शिंका आठवड्यानंतरही चालू राहिल्या तरी एकदा दाखवा. आणि पिंजऱ्यातली लघवीची अंथरुणं दोन दिवसाआड बदला, अमोनियाने शिंका वाढतात. लाकडाचा भुसा वापरत असाल तर पाइन-देवदारचा बंद करा, कागद किंवा जुने सुती कपडे बरे.

मोकळं सोडायचं तर सध्या हॉलचा एकच कोपरा, पुठ्ठे उभे करून. आख्खं घर पहिल्याच आठवड्यात दाखवलंत तर किचन ट्रॉलीच्या मागे जाऊन बसेल आणि मग तुम्ही सुतार शोधत बसाल. एसीच्या पाइपचं भोक बुजवलंय ना? तिथून बाहेरचे पण आत येतात, आणि बाहेरच्यांच्या मुताची गाठ पाळलेल्यांशी नको, लेप्टोचा आजार त्यातून येतो, तुम्हाला पण होऊ शकतो.

मोगरा

मातीचं सोप्पं आहे. अरेकाच्या कुंडीत वर मोठे गोटे पसर, मुठीएवढे, बारीक खडे नकोत ते उचलून नेईल. आणि तिला स्वतःची कुंडी दे ना. पसरट ट्रे घे, भोकं नसलेला, त्यात नुसतं कोकोपीट भिजवून पिळून भर, खत-बित काही नाही. वर गहू, बाजरी, मेथी टाक. दुकानात पेरणीचं बियाणं म्हणून मिळतं ते नको, त्याला औषध चोळलेलं असतं, घरातलं डब्यातलं धान्यच घे. चार-पाच दिवसात बोटभर हिरवं येतं. मी मांजरीसाठी करते. दोन ट्रे ठेव म्हणजे एक उकरून होईपर्यंत दुसरा उगवतो.

चहाबाज

हा ट्रे माणसांना चालतो का? मेथी म्हणालात म्हणून विचारलं.

मोगरा

उंदरांनी हात लावायच्या आधी काढलीत तर चालते. नंतर नाही.