अनुभव धागा: रेडिओवर आपल्या गावाचं नाव शेवटचं कधी ऐकलंत?

गेल्या महिन्यात आईचा ओट्यावरचा रेडिओ बंद पडला. दुरुस्त होऊन येईपर्यंत चार दिवस ती सकाळी घरभर नुसती फिरत होती, चहासुद्धा निवांत घेतला नाही. तिच्याकडे बघून हा धागा काढावासा वाटला.

आपण ठाणे-नवी मुंबईकर आजवर मुंबईचा रेडिओ ऐकत आलो. 558 किलोहर्ट्झची अस्मिता वाहिनी, 107.1 वरचं एफएम रेनबो, खासगी वाहिन्या, सगळ्यांचा निवेदक हाक मारतो ती 'मुंबईकरांनो' अशीच. मला मनापासून वाटतं की रेडिओ टिकायचा तर तो आपल्या नाक्यापर्यंत यायला हवा. रेडिओ कधी कामी आला, कधी सुटला, पुढे काय ऐकायला आवडेल, ते लिहा. दोन ओळीही चालतील, फक्त वर आपल्या भागाचं नाव टाका.

वागळे इस्टेट

1978 साली कारखान्यात लागलो. कँटीनच्या खिडकीत मर्फीचा जुना सेट असायचा. आमच्या खात्यातला एक टर्नर पोवाडे छान म्हणायचा. त्याला आकाशवाणीच्या 'कामगार सभे'त बोलावलं. प्रसारणाच्या दिवशी फोरमननं स्वतः लेथ बंद केली. एरवी हा माणूस पाच मिनिटं उशीर झाला तरी नाव लिहून घ्यायचा. पोवाडा संपल्यावर निवेदिकेनं टर्नरचं नाव घेतलं आणि पुढे 'ठाणे' म्हणाली. टाळ्या आधी कोणी वाजवल्या ते आठवत नाही, पण थांबेचनात. मोठे गवई ऐकले आहेत मी रेडिओवर, तरी मला आठवतो तो हाच कार्यक्रम.

घोडबंदर रोड

आमची इमारत येऊरच्या डोंगराच्या कुशीत. एफएम सरळ रेषेत येतं, मध्ये डोंगर आला की संपलं. हॉलमध्ये खरखर, गच्चीत स्वच्छ. त्यामुळे आता फक्त गाडीत ऐकतो.

ऐरोली

26 जुलै 2005. कंपनीची बस रबाळ्याजवळ अडकली. मोबाईल लागत नव्हते. ड्रायव्हरकाकांनी एफएम लावला. लोक स्टेशनला फोन करून निरोप देत होते, निवेदक वाचून दाखवत होते: अमुक शाळेतली मुलं वरच्या मजल्यावर सुखरूप आहेत, अमुक ठिकाणी जेवणाची सोय आहे. बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं, सगळ्यांचे कान तिकडेच. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, त्यामुळे निरोप कुर्ला, कलिना, अंधेरीचेच असणार, आणि ते हवेच होते. पण माझी मुलगी ऐरोलीत पाळणाघरात होती. नऊ तास मी 'ऐरोली' या एका शब्दाची वाट पाहिली. तो आला नाही. रात्री दोनला पाण्यातून चालत पोचलो, ती झोपली होती. आजही जोराचा पाऊस लागला की मी रेडिओ लावतो, आणि वाट त्याच शब्दाची बघतो.

दिवाळे, बेलापूर

आमच्याकडं रेडिओ म्हणजे हवामान. निसर्ग वादळ आलं तेव्हा, 3 जून 2020 ला, आदल्या रात्रीच होड्या वर घेतल्या होत्या, सेट उशाशी होता. इशारा मिळतो तो अख्ख्या उत्तर महाराष्ट्र किनाऱ्याचा. आमची खाडी आत आहे, इथलं पाणी वेगळं वागतं. भरतीची वेळ आमच्या बोलीत सांगणारा आमच्यातलाच कोणी हवा.

कळवा

तीस वर्षं सेट दुरुस्त करतोय. ताई, आईंचा सेट परत बिघडला तर आधी घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर बंद करून बघा. मीडियम वेव्हची निम्मी खरखर त्यातूनच येते, गिऱ्हाईक दोष रेडिओला देतं. सेट सेलवर चालवा, खिडकीशी ठेवा, आणि हळूहळू आडवा फिरवा. आत फेराइटची कांडी असते, तिला दिशा लागते. मोबाईलवर एफएम ऐकायचं तर वायरचा इअरफोन लावा, ती वायरच अँटेना. बिनवायरीचे इअरफोन आले आणि पोरांचा रेडिओ तिथंच सुटला. त्यात कित्येक नव्या फोनमध्ये एफएम बंदच ठेवलेलं असतं. ते चालू ठेवा असं 2023 मध्ये सरकारनं कंपन्यांना सांगितलंय.

खारघर

मला दिसत नाही. फोन उत्तम वापरते, पण त्याला चार्जिंग लागतं, नेट लागतं. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज गेली तेव्हा मी घरी एकटी होते. नेट रखडत होतं. दोन सेलवरच्या रेडिओनं सांगितलं की बिघाड ग्रीडमध्ये आहे, लोकल थांबल्यात. तेव्हा कळलं की फक्त आमच्या घरात काही झालेलं नाही. खाली जाऊन शेजारच्या आजींनाही सांगून आले.

नेरूळ

मी मास मीडियाची विद्यार्थिनी आहे. मुंबई विद्यापीठाचं कलिन्याचं 107.8 वरचं केंद्र बघून आल्यापासून हे डोक्यात आहे. वरच्या काकांना 'ऐरोली' ऐकायला मिळालं नाही ना? सामुदायिक रेडिओ, म्हणजे एका भागातल्या लोकांचं छोटं केंद्र, त्यासाठीच आहे. 2006 पासून स्वयंसेवी संस्थाही तो काढू शकतात. प्रसारणाची ताकद साधारण 100 वॅटपर्यंत, अँटेना 30 मीटरपर्यंत, म्हणजे नवी मुंबईतला एखादा नोड (शहराचा एक भाग) आणि आसपासची गावं. निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांनी केलेले हवेत. स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, हे मला चुकीचं वाटतं. पण वाहतूक, हवामान, पाणी-वीज कधी येणार, आपत्तीच्या सूचना हे नियमानंच 'बातमी' धरत नाहीत. म्हणजे दिवाळ्याची भरती आजही सांगता येईल. अडतं पैशावर. जाहिरातींची मर्यादा 2024 मध्ये तासाला 12 मिनिटांवर नेली, आधी 7 होती. इथले दुकानदार पुढे आले तर केंद्राचा खर्च निघू शकेल. संस्था कोणती पुढे येईल ते सांगा, फॉर्म भरायला मी बसते.

चेंदणी, ठाणे

मी चर्चगेटला आकाशवाणीत नैमित्तिक निवेदिका होते. सकाळच्या ड्युटीला पहाटेची लोकल पकडायची, गळ्याभोवती मफलर गुंडाळून. एकदा पत्रोत्तराच्या कार्यक्रमात एक पोस्टकार्ड वाचलं आणि पत्त्यातलं 'चेंदणी कोळीवाडा' मुद्दाम सावकाश उच्चारलं, कारण माझं माहेर तिथलं. पुढच्या आठवड्यात चेंदणीहून अकरा कार्डं आली. एकावर फक्त एवढंच होतं: 'पुन्हा म्हणा.'