त्या दृश्याचा तेवढाच तुकडा का फिरतो?

कातरवेळ:
२०१६ मध्ये 'पार्च्ड' आपल्याकडे लागायच्या आधीच त्यातलं राधिका आपटेचं एक दृश्य व्हॉट्सॲपवर फिरलं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही आलं. त्यातली लज्जो, म्हणजे राधिका, मूल होत नाही म्हणून नवऱ्याचा रोज मार खाते. वांझ म्हणून बोल तिलाच. दोष नवऱ्यात असू शकतो, हे तिला फार उशिरा कळतं, आणि मग पहिल्यांदा कुणीतरी तिला मायेने जवळ घेतं. क्लिपमध्ये यातलं काहीच नव्हतं, नुसती उघडी बाई. ती पुढे ढकलणारा प्रत्येक जण मला लज्जोच्या नवऱ्याच्या बाजूचा वाटतो.

साळुंकी:
राग पटला. पण फाइल देणारे सगळे तसले नसतात हो. मी तालुक्याच्या गावी राहते. 'लिपस्टिक अंडर माय बुर्खा'ला सेन्सॉरने 'लेडी ओरिएंटेड' म्हणून आधी अडवलं. २०१७ च्या जुलैत लागला, पण आमच्याकडे आलाच नाही. मैत्रिणीने पेनड्राइव्हवर दिला, तो दुपारी आवाज बारीक करून पाहिला. त्यातल्या शिरीनच्या मनात आहे की नाही, हे तिचा नवरा जवळ येताना एकदाही विचारत नाही. सिनेमा संपल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते.

जुनं_तिकीट:
ताई, तरी ती चोरीच. सिनेमाच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर चोरट्या प्रतीसाठी ३ महिने ते ३ वर्षं कैद आहे. कायदा सोडा, अरुणा राजेंचा 'रिहाई' आठवा. गावातले पुरुष कामासाठी शहरात, तिथे त्यांना सगळं माफ. मागे राहिलेल्या हेमा मालिनीचा पाय घसरला की पंचायत. १९८८ मध्ये असा सिनेमा काढायला छाती लागते. अशा विषयाला आधीच कुणी पैसे लावत नाही. आपण फुकट बघितलं तर पुढचा कोण काढणार?

साळुंकी:
तिकीट काढायला मी तयार आहे, थिएटर कुठे आहे? ओटीटीचं खातं ह्यांच्या नावावर. मी काय पाहिलं ते त्यात दिसतं. तुम्हाला हे कधी लपवावं लागलंय का?

जुनं_तिकीट:
नाही. याचा विचार केला नव्हता. पैशाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही.

कातरवेळ:
साळुंकी, अख्खा सिनेमा मैत्रिणीच्या हाती देणं आणि तुकडा तोडून फिरवणं यांत फरक आहे, हे मान्य. आमच्या घरी 'अस्तित्व' टीव्हीवर लागला होता. तब्बूच्या अदितीने नवऱ्याला जाब विचारायला सुरुवात केली तसे बाबा उठून आत गेले. आईने शेवटपर्यंत रिमोट हातातून सोडला नाही.